रक्त कोणाचं दिलंस

इतवारी, नागपूर
३ मे २०२४

ती. इंदुताईस,
शि. सा. न. वि. वि.

ताई, ज्यांचे अंगठे मशीन घेत नाही अशा आपल्या जमातीला हे पत्र. तुझा अंगठा धानाच्या रोवणीत झिजला, माझा भांड्यांना पॉलिश करण्यात. रेशनच्या दुकानात आपण भाऊ-बहीण हयात असून नसल्यासारखे. यावर मी चौकाचौकात भाषणं केली, लोकांनी टाळ्या दिल्या. मशीन तिथंच आहे.

आता आमच्या सुशीलचं. कापडाच्या गोदामाला आग लागली तेव्हा तो आत होता, हे तुझ्या अमोलनं तुला सांगितलंच असेल. तीन देह सापडले. हात जळाल्यामुळे आधारचे ठसे कामाचे नाहीत. एकाच्या पायात बूट होते म्हणून पाय तेवढे राहिले. डाव्या पायाची करंगळी शेजारच्या बोटावर चढलेली पाहिली आणि प्रेमिला खालीच बसली. पोलीस ठाण्यातले साहेब म्हणाले की असं बोट पुष्कळांचं असतं, डीएनए जुळल्याशिवाय देह मिळणार नाही. मी लगेच हात पुढे केला. बापाचं रक्त आहे, घ्या, असं सांगितलं.

आता वाट पाहतो आहोत. प्रेमिला दोन घास खाते, तेही मी उपाशी राहू नये म्हणून. तुझी माया आमच्यावर अशीच असू दे.

तुझा
वामन

---

रामटेक
८ मे २०२४

चि. वामनरावास अनेक आशीर्वाद.

फोन करणार होते. पण फोन सुनेजवळ राहते, आणि आमची हर्षा स्पीकर लावल्याबिगर बोलत नाही. हे तिच्यासमोर बोलायचं नाही, म्हणून लिहून राहिली.

तू रक्त कोणाचं दिलंस गा? सभेत हात वर करायची सवय, तसाच तिथंही केलास. जरा आठव. तुझ्या पायाची बोटं लहानपणापासून सरळ आहेत. चढलेली करंगळी माझी आहे.

सुशीलले प्रेमिलाच्या ओटीत घातलं, त्या दिवशी मी गडावर जाऊन रामासमोर शब्द दिला होता, का लेकरू माझं आहे हे तोंडातून निघणार नाही. आजवर निघालं नाही. अमोल त्याले मामेभाऊच समजते. इथंही मी आत्यासारखीच रडून राहिली, जास्त रडली तर हर्षा विचारीन काहून म्हणून.

पुढचं तूच समज. प्रेमिलाले म्हण, माझ्यासाठी जेव.

इंदुताईचे आशीर्वाद

---

इतवारी, नागपूर
१७ मे २०२४

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र आलं त्याच्या आदल्या दिवशी रिपोर्ट आला. त्यात लिहिलं आहे की वामनराव हे बाप नाहीत. साहेबांनी मला बाजूला घेतलं आणि घरी एकदा बाईंना विचारून बघा असं हळू आवाजात सांगितलं. प्रेमिला दाराशीच उभी होती. तिनं ऐकलं. ताई, मी जन्मभर माईकवर ओरडलो, तिथं रिपोर्टाची घडी करून खिशात घातली आणि निघालो.

तुझं पत्र वाचेपर्यंत काय चुकलं तेच कळेना. मी खरंच विसरलो होतो. त्याला गोवर निघाला तेव्हा मांडीवर घेऊन बसलो, शाळेत घातलं, मोठा झाल्यावर दर निवडणुकीत त्याच्याशी भांडलो. यात ते आठवायची वेळ कधी आलीच नाही.

परत जाऊन सगळं खरं सांगितलं. साहेब म्हणतात, दत्तकाचे कागद दाखवा, नाहीतर जन्म देणाऱ्या आईचं रक्त आणा. भावानं बहिणीच्या लेकराला घरात घेतलं, त्याचे कागद कोण करतो? राग यंत्राचा नाही. त्याला जेवढं विचारलं तेवढं त्यानं सांगितलं. पण त्याची एक ओळ आली की माणसं पुढचं विचारणं सोडून देतात, आणि एवढ्या वर्षांच्या संसाराला त्या ओळीपुढं उभं राहून सफाई द्यावी लागते. मी थकलो, ताई. महिनाअखेर देह बेवारस म्हणून नेतील.

तुला बोलवायला मी धजलो नसतो. प्रेमिलाच म्हणाली, की ताईनं शब्द रामाले दिला असंन, पण माझ्यासाठी दिला, तर मीच सोडवून राहिली. पोरगं दोघींचं म्हणून जाऊ द्या, बेवारस नका जाऊ देऊ. मग उठून तुझ्यासाठी पन्ह्याच्या कैऱ्या उकडायला ठेवल्या, ताई उन्हाची येईन म्हणून.

अमोलला काय सांगायचं ते आपण तिघं मिळून सांगू. लोभ तू कधी कमी केला नाहीस, म्हणून एवढं मागतो. सोमवारी पहिल्या बसनं निघ, मी स्टँडवर उभा असेन. नातं मी सांगेन, बोलायचं काम माझंच आहे. तू फक्त हात पुढे कर.

तुझा
वामन