मादी मरोद्याला गेली

माय, ज्या पितळी ताटलीवर चमचा वाजवून तू कबुतरं खाली उतरवायचीस, ती ताटली अजून माझ्याकडे आहे. काठाचा पोचाही तसाच आहे. कबुतरांचं मला कोणी शिकवलं नाही, हे मी आजही मान वर करून सांगतो. छातीचं हाड चाचपून पाखराची तब्येत ओळखायची, उडवायच्या दिवशी त्याला अर्धपोटी ठेवायचं, पाखरांची टोपली आधी शेतापलीकडे, मग पुढच्या गावाला, मग पुढच्या स्टेशनावर नेऊन सोडायची, हे सगळं मी मरोद्याच्या झोपडीत चुकत चुकत शिकलो. कारखान्यात खलाशी होतो, दिवसभर साखळ्या ओढायच्या आणि पाळी सुटली की थेट कबुतरांच्या ढाबळीपाशी. तू चुलीपुढून म्हणायचीस, "बायको आनली असती तं तिनं दोन भाकरी तरी थापल्या असत्या." पण कबुतरांची ज्वारी तूच निवडून ठेवायचीस.

मग कारखान्याच्या नव्या बांधकामासाठी तिथल्या झोपड्या पाडल्या आणि आपल्याला सेक्टर २ मध्ये क्वार्टर मिळालं. मी घाई केली नाही. मरोद्यात वाढलेल्या आपल्या मादीला नव्या ढाबळीत कोंडून ठेवलं, तिथंच अंडी घालू दिली, पिल्लं निघाल्यावरच बाहेर काढलं. नराला शिकरा ससाण्यानं उचललं होतं, म्हणजे पिल्लांना भरवणारी ती एकटी. पिल्लांसाठी ती परत येणारच, असा माझा हिशेब. जवळून सोडली की ती यायचीही. म्हणून माझ्या पहिल्या शर्यतीत मी तिलाच उतरवलं. पाखरं राजनांदगावला सोडायची, ज्याचं आधी आपल्या ढाबळीत शिरेल तो जिंकला.

त्या रविवारी मी क्वार्टरच्या छतावर उभा आहे. शेजारच्या रेल्वेवाल्याचं पाखरू कधीच येऊन दाणे टिपतंय. माझे डोळे पश्चिमेकडे लागलेत, आणि आभाळातला प्रत्येक काळा ठिपका मला शिकरा वाटतोय. ढाबळीत पिल्लं चिंचिं करताहेत. उतरत्या उन्हाबरोबर त्यांचा आवाज बारीक होत चाललाय. शेजारी खालून म्हणतो, "काय उस्ताद, तुमची राणी माहेरी गेली वाटते." अंगणात तू मात्र हातातलं सूप खाली ठेवतेस. "माहेरीच गेली असन थे. आपन सामान बांधून आनलं, तिले कोनं सांगतलं?" मी वरूनच म्हणतो, "माय, तुले त्यातलं काही समजत नाही. येऊन राहिली ती." आणि पुन्हा आभाळाकडे तोंड करतो. बऱ्याच वेळानं खाली बघतो तर अंगणात सूप आहे, तू नाहीस. चुलीजवळ ताटलीही नाही.

सायकल कशी हाणली ते आठवत नाही. मरोद्याला लाल झेंडीवाल्यानं हँडल धरलं. "सुरुंग भरून हायेत. आंदर नाही जाचं." त्याच्यामागे सगळं सपाट. एक झोपडी उरली नव्हती. वर आपली मादी घिरट्या घालत होती, खाली यायची, छप्पर सापडायचं नाही, पुन्हा वर जायची. आणि तिच्या खाली, मातीच्या ढिगाऱ्याच्या अलीकडे, कडुनिंबाच्या खुंटापाशी, जिथं आपली चूल होती तिथं, तू ताटली वाजवत उभी. कोणत्या वाटेनं आत शिरलीस कोण जाणे. "थे माही माय हाये," मी बोट दाखवत म्हणालो. झेंडीवाल्यानं वळून पाहिलं, त्याचा चेहराच उतरला. सुरुंगाला बत्ती देणारे ढिगाऱ्याच्या पलीकडे होते, त्यांना तू दिसतच नव्हतीस. तो झेंडी फडकवत, ओरडत त्यांच्याकडे पळाला. मी हाका मारल्या. तू मागे न बघता नुसता हात हलवलास, गप राहा, पाखरू बिचकेल, असा. मी झेंडीच्या बाहेरच उभा राहिलो. मादी खुंटावर उतरली. तू तिच्यावर पदर टाकलास आणि विहिरीवरून पाणी आणावं तशा चालीनं माझ्याकडे आलीस. आपण झेंडीच्या बाहेर आल्यावर बार उडाला. धूळ बसल्यावर पाहिलं, खुंट नव्हता. पदरातून मादी माझ्या हातात दिलीस, तिचं काळीज माझ्या तळव्यावर धडधडत होतं. तू म्हणालीस, "चाल लवकर, तिचे लेकरं उपाशी हायेत."

पिल्लं जगली. पुढं त्यांच्या वंशानं मला पुष्कळ शर्यती जिंकून दिल्या, आणि आता लोक खरोखरच उस्ताद म्हणतात. पण त्या मादीला मी पुन्हा कधी टोपलीत घातलं नाही. तिचा पंख दुखावलाय, असं सगळ्यांना सांगितलं. तुलाही. तू तो पंख उघडून पाहिलास, हलकेच मिटलास आणि भाकरी थापायला बसलीस.

हे पत्र धाडायचं नव्हतंच. तुला वाचता येत नव्हतं. तू असतीस तरी कोणाकडून तरी वाचून घ्यावं लागलं असतं, आणि ते मला चाललं नसतं. पंख धड होता, माय.