मधल्या खिळ्यावरची चकती

प्रिय केल,

तुझी, माझी आणि दर शनिवारी मैदानाच्या कठड्याला गाड्या लावून बसणाऱ्या आपल्या अख्ख्या ट्रेवेन गावाची तक्रार एकच आहे. चाळीस वर्षं झाली, पोर्ट हॅलमवाले आपल्या नाकावर टिच्चून या हातापायांनी खेळायच्या ऑस्ट्रेलियन फुटबॉलचा कप घेऊन जातात. आधी पुरुषांचा नेत होते, पाच वर्षांपूर्वी आपल्या पोरींची टीम उभी राहिली तर आता तिचाही नेतात. आपण वाऱ्याला दोष दिला, पंचांना दिला, ज्या वर्षी बार्ली जळाली त्या वर्षी दुष्काळालाही दिला. मी आज क्लबच्या खोलीतल्या लाकडी फळ्याला दोष देणार आहे. त्यावर खिळे आहेत, खिळ्यांवर खेळाडूंच्या नंबरांच्या पत्र्याच्या चकत्या आहेत, आणि त्यातली एक चकती चुकीच्या खिळ्यावर टांगलेली आहे.

दोन गल्ल्या सोडून राहतोस, मग पत्र कशाला, असं म्हणशील. केल, तू मला ओळखतोस. तीस वर्षं मी धान्याच्या धक्क्यावर ट्रकच्या फळीवर उभा राहून भाषणं केली, त्यावरूनच तुम्ही मला पाद्री म्हणायला लागलात. तोंड उघडलं की मी समोरच्याला पटवून मोकळा होतो. आज मला जे सांगायचं आहे त्यात पटवण्याची कला शिरू नये असं वाटतं. म्हणून कागद.

आधी त्या पोरीबद्दल. ऑटिली कूलमन एप्रिलमध्ये आपल्या दवाखान्यात नर्स म्हणून आली तेव्हा पहिल्या सरावानंतर तूच कठड्यापाशी येऊन मला म्हणाला होतास, "पाद्री, या पोरीला डोक्याच्या मागेही डोळे आहेत रे." चेंडूकडे पाठ असताना तिनं खांद्यावरून मूठ मारून तो बरोबर मैत्रिणीच्या छातीवर दिला होता. लहानपणापासून नेटबॉल खेळलेल्या मुली अशाच असतात, चेंडूमागे धावत नाहीत, तो पडणार तिथे आधीच उभ्या असतात. असा मिडफिल्डर या मैदानानं तुझ्यानंतर पाहिला नव्हता. आणि कोच म्हणून तू तिचं काय केलंस? तिला सावली केलंस. समोरच्या टीमच्या सगळ्यात भारी बाईला गोचिडासारखं चिकटायचं, तिच्या कोपराला कोपर लावून शंभर मिनिटं धावायचं, स्वतःला चेंडू नाही मिळाला तरी चालेल, तिला मिळता कामा नये.

पंधरा दिवसांपूर्वी पोर्ट हॅलमविरुद्ध तिनं त्यांच्या शोनाला असं बांधून ठेवलं की शोनाच्या हाताला नऊच वेळा चेंडू लागला. तू टाळ्या वाजवल्यास. पण ऑटिलीच्या हाताला तो सहाच वेळा लागला, आणि आपण अकरा गुणांनी हरलो. मग गेल्या शनिवारी मिल्टन फ्लॅटशी सामना. चारपैकी तिसऱ्या डावात तुझ्या मध्ये खेळणाऱ्या पोरीचा घोटा मुरगळला आणि नाइलाजानं तू ऑटिलीला वीस मिनिटं मध्ये सोडलंस. चार गोल! कठड्याला लावलेल्या सगळ्या गाड्यांचे हॉर्न वाजत होते. माझ्या शेजारच्या गाडीतली व्हर्ना पेंगली, एरवी खिम्याच्या पेस्टीच्या टपरीतून डोकं बाहेर न काढणारी बाई, खिडकीतून अर्धी बाहेर येऊन ओरडत होती. आणि शेवटच्या डावाआधी, पोरी संत्र्याच्या फोडी चोखत होत्या तेव्हा, तू ऑटिलीला पुन्हा सावलीवर पाठवलंस. व्हर्ना म्हणाली, "अगं बाई, घोडा मिळाला आणि हा मेला त्याला खुंट्याला बांधतोय! डेन्झिल, जा रे, त्याला चष्मा दे कुणाचातरी." मी कठड्यावरून ओरडलो, तर तू मागं न बघता हात हलवलास, "पाद्रीबुवा, प्रवचन रविवारी!" सगळे हसले. मीही हसलो. आपण तो सामना जिंकून अंतिम सामन्यात पोचलोही, म्हणून कुणी पुढं बोललं नाही.

काल मंगळवारी दवाखान्यात ती माझं ब्लड प्रेशर बघत होती तेव्हा मी तिला मुद्दाम विचारलं, कसं वाटतं गं हे सावलीचं काम. ती पट्टा आवळत म्हणाली, "कोच सांगतील ते करायचं, मिस्टर ट्रेंबाथ." मग पंप दाबत, "फक्त एवढंच, अख्खा सामना मी एकच जर्सी बघत असते. मागून. नंबर चौदा. त्या दिवशी वीस मिनिटं मैदान दिसलं." एवढं बोलून तिनं आकडा लिहून घेतला आणि मीठ कमी खा म्हणाली.

केल, मी आयुष्यभर एकच गोष्ट ओरडत आलो, की ज्याच्या हातात कसब आहे त्याला दुसऱ्याचा हात धरून ठेवायला लावणं हा गुन्हा आहे. धक्क्यावर आपण फोरमनला हेच सुनावत होतो ना? मग शनिवारी पोर्ट हॅलमविरुद्धच्या अंतिम सामन्यात आपणच फोरमन का व्हायचं? ऑटिलीला मध्ये ठेव, मेरिलच्या उजव्या कमरेपाशी. मेरिल उंच आहे, उडीही छान मारते, पण पंचानं चेंडू जमिनीवर आपटून वर उडवला की तो खाली कुणासाठी टाकायचा हे तिला कळत नाही, म्हणून ती नुसता हवेत हात फिरवते. तिला एक जागा दे आणि त्या जागेवर एक माणूस दे. आणि शोनाचं काय, तर काही नाही. तिला ऑटिलीमागे धावू दे. एक दिवस पोर्ट हॅलमवाल्यांना सावली होऊ दे.

उजवी कंबर. हे शब्द लिहिताना माझी जुनी कंबर दुखली बघ. आठवतं, कामावरून सुटल्यावर धान्याच्या सायलोच्या मागच्या सिमेंटच्या अंगणात आपण उभे राहायचो, पावसातल्यासारखा निसरडा व्हावा म्हणून बादलीत बुडवलेला चेंडू घेऊन? तुझी जनेट भिंतीला टेकून तो वर उडवायची आणि वैतागून म्हणायची, "लग्न माझ्याशी ठरलंय का याच्याशी?" मी उडी मारायचो, न बघता बोटांनी चेंडू उजव्या कमरेकडे टाकायचो, आणि तू तिथून वाऱ्यासारखा निघून गेलेला असायचास. सहा वर्षं. शेतांत आंबुशीची पिवळी फुलं आली की आपला मोसम, खेकड्यांचे दिवस आले की सुट्टी. मला कधी खाली बघावं लागलं नाही. लोक म्हणायचे डेन्झिलचे हात लांब आहेत. खरं म्हणजे माझे हात तुझ्या हातांत संपायचे.

आणि मग पंच्याऐंशीचा अंतिम सामना. गावात ती गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. पॅस्को कोचनं तुला मधून काढून पोर्ट हॅलमच्या रॉस व्हीलरची सावली केलं. तू रॉसला हलू दिलं नाहीस. अॅडलेडहून आलेला करड्या हॅटवाला माणूस, मोठ्या क्लबांसाठी खेळाडू हेरणारा, मध्यंतरात उठून गाडीत बसला आणि निघून गेला, ते तू मैदानातून पाहिलंस. शेवटच्या मिनिटाला आपण तीन गुणांनी मागे होतो. पंचानं चेंडू आपटला, मी उडी मारली, तो माझ्या बोटांना लागला आणि मी सवयीनं उजव्या कमरेकडे टाकला. तिथं कुणी नव्हतं. चेंडू गवतावर दोनदा टप्पा खाऊन पडला. तू पंधरा यार्डांवर रॉसच्या जर्सीला धरून उभा होतास, आणि तुझे डोळे चेंडूवर होते. मग भोंगा वाजला.

कपडे बदलायच्या खोलीत तू पॅस्कोवर धावून गेलास. "माझं आयुष्य खाल्लंस, म्हाताऱ्या!" म्हणालास. तो बाकावर बसून राहिला. त्यानं एकदा वर पाहिलं, तुझ्याकडे नाही, माझ्याकडे, आणि म्हणाला, "निर्णय कोचचा असतो." त्यानंतर तू त्याच्याशी बोलला नाहीस. अठ्ठ्याण्णवला तो गेला तेव्हा तू चर्चच्या फाटकाबाहेर गाडीत बसून राहिलास, शवपेटीला हात लावायला आला नाहीस. आत मी त्याच्यावर भाषण करत होतो. लोक म्हणाले, पाद्रीनं रडवलं.

पण गंमत बघ, माणसाचा तू द्वेष केलास आणि त्याची शिकवण जपलीस. त्यानं त्या दिवशी तुला ऐकवलेलं वाक्य तूच क्लबच्या दारावर रंगवून घेतलंस: चांगला खेळाडू चेंडू मिळवतो, मोठा खेळाडू तो दुसऱ्याला मिळू देत नाही. मी विचारलं तर म्हणालास, "माणूस वाईट होता, पण फुटबॉल कळत होता त्याला. माझ्यात काहीतरी पाहिलं असणार त्यानं, त्याशिवाय एवढ्या मोठ्या दिवशी मला सावली करणार नाही." चाळीस वर्षं तू त्या दिवसाला असा अर्थ लावून जगलास. मला वाटायचं, लावू दे, त्यानं जगणं सोपं होत असेल. पण त्या अर्थावर तू आता टीम उभी करतो आहेस, आणि ऑटिलीसारखी पोर त्या वाक्याखालून वाकून मैदानात जाते.

ते वाक्य पॅस्कोचं नाही, केल. माझं आहे. त्या गुरुवारी संघ निवडायला क्लबच्या खोलीत आम्ही दोघंच होतो, तो आणि कॅप्टन म्हणून मी. त्यानं तुझी चकती, नंबर सात, मधल्या खिळ्यावर टांगून ठेवलेलीच होती. अॅडलेडचं पत्र माझ्या नावावर आलं होतं, सातव्या नंबरला बघायला माणूस पाठवतो आहोत म्हणून. मी ते पॅस्कोला दाखवलं, तुला नाही. तो खूष झाला. "जाऊ दे रे पोराला," म्हणाला, "असा रोज जन्मत नाही." मग मी बोलायला लागलो. रॉसनं उपांत्य सामन्यात आपले कसे तुकडे केले ते सांगितलं, टीम आधी की माणूस आधी ते विचारलं, आणि शेवटी ते वाक्य टाकलं. पंधरा मिनिटं लागली. म्हाताऱ्यानं तुझी चकती काढली आणि रॉसच्या चकतीखाली अडकवली. तिथं उभा असताना मला ठाऊक होतं की मी टीमबद्दल बोलत नाहीये. तू गेलास तर सायलोच्या मागे मी चेंडू कुणासाठी टाकणार, एवढंच माझ्या पोटात होतं. आयुष्यात मी बरीच भाषणं केली. त्यातलं सगळ्यात यशस्वी ते, आणि ऐकायला एकच माणूस होता. त्यानं ते पोटात ठेवलं, आरोप अंगावर घेतला आणि तसाच गेला.

शनिवारी सामन्यानंतर पंच्याऐंशीच्या टीमचं चाळिसाव्या वर्षाचं जेवण आहे, आणि बोलायला मला उभं करणार आहेत. मी हे सगळं तिथं सांगणार आहे, पॅस्कोचं नाव धुऊन काढणार आहे. पण ते तू चारचौघांत पहिल्यांदा ऐकावंस एवढा नीच मी आता उरलो नाही, म्हणून हे पत्र आज बुधवारीच तुझ्या पत्रपेटीत टाकतो. माझ्याशी बोलू नकोस हवं तर. जेवणाला येऊ नकोस. माफी मागायला मी शब्द शोधणार नाही, शब्दांनीच हे केलं. मात्र उद्या गुरुवारी संध्याकाळी तू त्याच फळ्यासमोर एकटा उभा राहशील, हातात ऑटिलीची बावीस नंबरची चकती असेल, शोनाच्या चौदा नंबरखालचा खिळा रिकामा असेल आणि दारावरचं माझं वाक्य तुझ्या पाठीमागे असेल. त्या वाक्याकडे वळून बघू नकोस. ऑटिलीची चकती मधल्या खिळ्यावर टांग.

तुझाच,
डेन्झिल