बारा नंबरच्या आजींची भाषा

ती. ताई,

साष्टांग नमस्कार (इतक्या लांबून पाया पडायचं म्हणजे कागदावरच पडावं लागतं). तुझा गुडघा, भावोजींची साखर आणि तुम्हा दोघांचं भांडण, तिन्ही आटोक्यात असावीत. आम्ही मजेत आहोत, असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहितो.

वृद्धाश्रमातल्या नोकरीचं तुला कळवलं होतंच. तिथे बारा नंबरच्या खोलीत एक आजी होत्या. लग्न होऊन तिसऱ्याच कुठल्या देशातून इथे आलेल्या. वय झालं तशी इथली भाषा त्या विसरल्या आणि माहेरची तेवढी उरली. ती इथे कुणाच्या बापाला कळेना. पोटच्या मुलीलाही नाही. आजींनीच तिला शिकवली नव्हती (शाळेत पोरं हसतील म्हणून). त्यांचं अंग पुसताना मी सवयीनं मराठीत बडबडायचो आणि त्या त्यांच्या भाषेत उत्तर द्यायच्या. मी मॅनेजरबाईंच्या कागाळ्या सांगायचो, त्या बहुधा नवऱ्याच्या. आमचं छान जमलं. हे मॅनेजरबाईंनी दारातून ऐकलं आणि फाईलमध्ये नोंद केली, की या माणसाला आजींची भाषा येते. मी खुलासा करणारच होतो, पण त्याच आठवड्यात माझी रात्रपाळी बंद झाली (आजींशी बोलायला मी दिवसा हवा म्हणून). म्हटलं, कशाला उगाच?

गेल्या महिन्यात आजींचा शेवट जवळ आला. मुलगी ऑफिसातून तशीच धावत आली. भर दुपार होती. आजी एकच शब्द पुटपुटत होत्या, पुन्हा पुन्हा. मुलीनं फोनवर तो आवाज टिपला आणि माझ्याकडे वळून विचारलं, "काय म्हणतेय आई?"

खरं सांगायची तीच वेळ होती, ताई. माझ्या तोंडून निघालं, "तू आलीस, आता मी सुखानं जाते, म्हणतायत." मुलगी त्यांच्या छातीवर डोकं टेकून रडली. मलाही भरून आलं (स्वतःच्याच थापेवर). तासाभरात आजी गेल्या. मुलीनं माझे दोन्ही हात धरून आभार मानले.

आठ दिवसांनी ती परत आली. आजींच्या माहेरचा कुणी लांबचा मामा तिला सापडला होता, त्याला तिनं फोनवरचा आवाज ऐकवला होता. मला वाटलं, आता थोबाडीत बसणार.

"पाणी मागत होती," ती म्हणाली. "अकरा वेळा. मी मोजलं."

पेला उशाशीच होता गं. भरलेला.

"मला त्यांची भाषा येत नव्हती," मी म्हटलं. "कधीच."

तिनं आजींच्या रिकाम्या खाटेवरची उशी सरळ केली. मग म्हणाली, "तुम्ही परके. मी तर मुलगी ना?"

आणि गेली. तक्रार केली नाही. केली असती तर बरं झालं असतं.

बाकी क्षेम. भावोजींना नमस्कार.

तुझा,
धाकटा

ता. क. : मॅनेजरबाईंना मी सगळं कबूल केलं. त्यांनी मान हलवली आणि मला पाच नंबरच्या नव्या आजोबांकडे पाठवलं. ते काय बोलतात, कुणालाच कळत नाही. फाईलमधली नोंद अजून तशीच आहे.

ता. क. २ : खरं पत्र इथून सुरू होतं. सुट्टीत लेकीला दोन महिने तुझ्याकडे धाडतोय. मी मराठीत बोलतो, ती उत्तर इथल्या भाषेत देते. 'आत्या' हे तुझं नाव आहे, असं ती परवापर्यंत समजत होती. तुला मराठीशिवाय काही येत नाही, असं तिला ठोकून दिलंय (तीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलंस, माफ कर). मराठीत मागितल्याशिवाय तिला काही देऊ नकोस. पाणी मात्र लगेच दे.