निळ्या दाराची खूण

दिनांक ९, गुरुवार

चिठ्ठ्यांवाल्या लेकीला आजीचे पोटभर आशीर्वाद.

आम्ही इकडे आहोत तसेच आहोत, तू तिकडे बरी असशील असं धरून चालते. तारीख जावयांनी घातली आहे. मला विचारशील तर आज नळाला पाणी यायचा दिवस आहे आणि ते अजून आलेलं नाही.

तुला ‘तू’ म्हणते म्हणून राग धरू नकोस. सहा वर्षांपूर्वी आमच्या वस्तीत आलीस तेव्हाही मी तूच म्हणत होते. दुभाष्या मधल्या मधे त्याचं काय करत होता ते त्यालाच ठाऊक.

मला अक्षर येत नाही. लिहितायत ते माझ्या धाकट्या लेकीचे यजमान. रंगारी आहेत, दुकानांच्या पाट्या रंगवण्यात जन्म गेला, त्यामुळे एकेक अक्षर लांबून दिसेल एवढं काढतात. चार ओळींत पान संपतं. मी बजावलंय, बोलेन तेवढंच लिहायचं, मधे आपली अक्कल चालवायची नाही. हे वाक्यही त्यांनी लिहून टाकलं, म्हणजे माणूस भरवशाचा आहे. आता मी त्यांच्याकडेच राहते. जावयाच्या घरी सासू म्हटल्यावर लोक काय म्हणत असतील ते म्हणोत. त्यांचा एक पाय कामातून गेलेला, माझे दोन्ही गुडघे. दोघांत मिळून एक धड माणूस होतो.

तुझं पत्र मिळालं, पुस्तकही. पुस्तकात माझा फोटो पाहायला सगळी वस्ती येऊन गेली. दवाखान्यातली नर्स म्हणाली, “आजी, तू तर पुस्तकात गेलीस.” म्हटलं, “बाहेरून वाचता येईना, म्हणून आत जाऊन बसले.”

येत्या महिन्यात तुझ्या देशातल्या आणि आणखी दोन देशांतल्या बायका एकत्र बसणार, आम्ही केलं ते काम शिकणार, आणि मी येऊन चार शब्द सांगायचे, असं तू लिहिलंस. विमानाचं तिकीट पाठवतेस म्हणालीस. विमानाची खिडकी उघडत नाही म्हणे. जिथे खिडकी उघडत नाही तिथे मी बसत नाही.

आणि तू विचारलंस, तुझ्या चपलेचा पट्टा तुटला तेव्हा जिने पायातल्या काढून दिल्या, ती आमची हसरी मुलगी कशी आहे. तिचं पुढे सांगते.

टाकीचा पाइप बदलला. समोरच्या शिंपिणीला नात झाली. मी गाद्या शिवणं सोडलं, सुईत दोरा जाईना. ओवून द्यायला जावई आहेत, पण ते इतका वेळ घेतात की तेवढ्यात गिऱ्हाईक जमिनीवर झोपून उठतं.

आता कामाचं.

टाकीजवळच्या खोलीत आपण बसलो होतो तो दिवस मला जसाच्या तसा आठवतो. आम्ही अकरा जणी, तू आणि दुभाष्या. तू दुभाष्याकडून सांगितलंस, इतकी वर्षं श्रीमंत देशांतली माणसं येऊन आपली गरिबी मोजून नेतात, आता आपल्यासारख्यांनीच एकमेकांना विचारून बघू. मला ते फार आवडलं. तुझ्याही देशात पाणी दिवसाआड येतं हे ऐकून तर तू घरचीच वाटायला लागलीस. वस्तीतली चौसष्ट घरं, घरटी एक पुठ्ठ्याची चिठ्ठी, आणि आम्हाला वाचता येत नाही म्हणून चिठ्ठीवर चित्र. माझ्या घराची सुई. शिंपिणीची कात्री. धाकटीच्या घराची शिडी. जमिनीवर डावीकडून उजवीकडे चार ढीग मांडायचे. अगदी डावीकडे, ज्यांना दोन वेळचं जेवणही धड मिळत नाही ती घरं. उजवीकडे ज्यांचं बरं चाललंय ती. डावीकडच्या दोन ढिगांतल्या घरांना दवाखान्याचं कार्ड मिळणार होतं, औषधपाणी फुकट.

मी सगळ्यांत म्हातारी, म्हणून चिठ्ठी उचलायचा मान माझा. पुस्तकात तसंच छापलंय ना? जावयांनी वाचून दाखवलं. जिथे दोन मतं पडली तिथे आजीच्या शब्दाने गोष्ट मिटली.

शिडीची चिठ्ठी वर आली तेव्हा शिंपीण म्हणाली, “पहिल्यात.” बरोबर बोलली ती. त्याच्या आठ महिने आधी जावई पाटी रंगवताना शिडीवरून पडले होते, पाय वाकडा जुळला, वर चढता येत नव्हतं, कामाला कोणी बोलवत नव्हतं. मी मात्र चिठ्ठी उचलून तिसऱ्या ढिगावर ठेवली आणि म्हटलं, “ज्या घराचं दार दर वर्षी नव्याने रंगवलं जातं, ते घर गरीब कसं? निळंशार दार आहे, जाऊन बघा.” बायका हसल्या. तू हसलीस. दुभाष्याने विचारलं, “सगळ्यांना पटलं का?” कोणी काही बोललं नाही. म्हाताऱ्या बाईच्या तोंडावर, तिच्याच लेकीबद्दल, कोण बोलणार? तू वहीत लिहून घेतलंस.

आता पत्रात लिहितेस, आजीने सांगितलेली दाराची खूण फार कामाची, ती आम्ही तिन्ही देशांत वापरणार आहोत. घर पारखायचं तर आधी दाराचा रंग बघायचा.

हे जावई मला वाचून दाखवत होते. खुणेशी आले आणि थांबले. मग पुढचं वाचलं. पण त्याला आठ दिवस झाले, आणि आठ दिवस मला जेवण गोड लागत नाही.

तर ऐक. ते दार उरल्यासुरल्या रंगाचं होतं. डब्यांच्या तळाशी साका राहतो, टाकून द्यायच्या लायकीचा. काम नव्हतं, हात बसून राहू नये म्हणून हा माणूस पाय लांब करून तो रंग आपल्याच दाराला लावत बसायचा. मला माहीत होतं. त्या दाराच्या आत काय आहे तेही माहीत होतं, आदल्याच दिवशी जाऊन आले होते. धाकटीने मला एकटीलाच वाढलं आणि म्हणाली, “आम्ही मघाशीच जेवलो.” भांडी कोरडी होती. निघताना तिला म्हटलं, “उद्या चिठ्ठ्या लावायच्यात.” ती म्हणाली, “जिथे आहोत तिथे ठेव आई.” एवढंच म्हणाली.

मी तसं ठेवलं नाही. का, ते सांगायला तोंड उघडते आणि गुडघ्यांचं बोलते, पाइपाचं बोलते. हे लग्न तिने स्वतः जमवलं होतं. रंगाऱ्याच्या घरी उपाशी मरशील, असं मी चार बायकांदेखत म्हटलं होतं. नंतर जावई मला आवडले. मग माझा शब्द मागे घ्यायला मी वस्तीभर सांगत फिरले, माझी लेक सुखात आहे, खाऊनपिऊन आहे. त्याच बायकांसमोर तिची चिठ्ठी पहिल्या ढिगावर ठेवायला माझा हात वळेना. आणि तू परदेशातून आलेली, तुझ्यापुढे तर नाहीच नाही.

तेव्हा धाकटी त्या खोलीच्या दारात उभी होती. आपल्यासाठी पाणी घेऊन आली होती. तिने सगळं ऐकलं. मग तू निघालीस, चपलेचा पट्टा तुटला, आणि तिने आपल्या काढून दिल्या. तिसऱ्या ढिगातल्या बाईला शोभेल अशी वागली. तिच्याकडे तो एकच जोड होता.

पुढच्या वर्षी तिला छातीचा आजार झाला. औषध होतं, बरं होण्यासारखं होतं. कार्ड नव्हतं. ती गोळ्या अर्ध्या करून घ्यायची, म्हणजे दुप्पट दिवस पुरतील. मला वाटायचं, डॉक्टरांनीच तसं सांगितलंय. डबी उघडली तेव्हा त्यात सगळे अर्धे तुकडे होते, काही तर पावच. ती गेली त्याला येत्या थंडीत तीन वर्षं होतील.

तू विचारलंस ना, कशी आहे.

इथे जावयांनी पेन खाली ठेवलं. बाहेर जाऊन आले. म्हटलं, लिहा, पेन ठेवलं म्हणून. लिहिलं त्यांनी.

मग मी जे तीन वर्षं विचारलं नव्हतं ते विचारलं. “तुम्हाला माहीत होतं?”

म्हणाले, “त्याच दिवशी. ती अनवाणी घरी आली. म्हणाली, आईने आपल्याला तिसऱ्यात टाकलं. मग हसली. म्हणाली, दार फारच छान रंगवलंय तुम्ही.”

“मग मला का नाही बोललात?”

“तिने शपथ घातली होती. म्हणाली, आईला कळलं की आपल्याला माहीत आहे, तर ती आपल्याकडे यायची बंद होईल.”

खरंच झाले असते मी बंद. पोरीने मला बरोबर त्या ढिगात ठेवलं होतं जिथली मी होते.

जावई म्हणतात, “आई, पुढचं सांगा, मला दुपारी कामावर जायचंय.” आता ते जमिनीवर बसून पाट्या रंगवतात, चढवायला दुसरं माणूस लागतं. घराच्या दाराला मात्र ती गेल्यापासून हात लावलेला नाही. रंगाचे पोपडे निघालेत, खालचं लाकूड दिसतं. आता ते दार खरं बोलतं.

म्हणून माझं एवढं ऐक. दाराची खूण पुस्तकातून काढ. कुठल्या तरी देशात कोणी तरी रंगारी उरलेला रंग दाराला लावत बसला असेल, आणि तुझी माणसं बाहेरून बघून पुढे जातील. चिठ्ठी लावताना आपल्या रक्ताच्या माणसाची चिठ्ठी आपल्या हाती देऊ नकोस, त्या वेळी त्या बाईला खोलीबाहेर काढ, ती कितीही म्हातारी असो. आणि कोणी काही बोललं नाही म्हणजे सगळ्यांना पटलं, असं धरू नकोस. एकेकीला बाजूला घेऊन विचार. शिंपीण पुन्हा म्हणाली असती, पहिल्यात. मी तिला परवा विचारलं. म्हणाली, “आजी, सहा वर्षं ते माझ्या घशात अडकलंय.” नातीला मांडीवर घेऊन रडली, मग मलाच चहा दिला.

तिकीट पाठवू नकोस. माझ्याऐवजी हे पत्र त्या बायकांना वाचून दाखव, तुमच्या भाषेत आणि त्यांच्या त्यांच्या भाषांत. दुभाष्याला सांग, काही गोड करू नकोस. माझा फोटो ठेवायचा तर ठेव, पण खाली लिही की हिचा शब्द खोटा होता.

चपला परत पाठवू नकोस. घालत जा.

या पत्राला मी अंगठा लावत नाही. अंगठा काय, मी कुठल्याही कागदाला लावते. पानाच्या अगदी डाव्या कडेला, जिथे पहिला ढीग होता, तिथे मी स्वतःच्या हाताने शिडी काढली आहे. पायऱ्या वाकड्या आल्यात. जावई म्हणाले, “देऊ का नीट काढून?” मी नको म्हटलं. आता ती तिथून कोणी हलवायची नाही.

तुझी,
धाकटीची आई