लाइट गेल्यावर चालणारं डोंगल

१२ नोव्हेंबर २००९, गुरुवार. कनेरगाव नाका.

सकाळी वनिताला घेऊन हिंगोलीला गेले. वापरून बघायला आणलेल्या नेटच्या दोन डोंगलांपैकी एक परत केलं, एक विकत घेतलं.

हे गेल्यापासून फॉर्म भरायचं दुकान बंद आहे. भावजी म्हणतात, भाड्यानं देऊन टाका, मायलेकींना जमणार नाही. दुकान चालवता येतंय का ते बघायला वनितानं आठ दिवस मागून घेतले होते.

दुकानदार महागडंच पुढं करत होता. "ताई, हेच न्या. लई फास्ट हाय."

"फास्ट हाय, काका," वनिता म्हणाली, "पण लाइट गेली की अर्ध्या तासात तुमचं टावर झोपतंय. आमच्याकडं दुपारी लाइट नसते, अन् लोकं फॉर्म भराया तवाच येतेत. हे दुसरं हळू चालतं, पण बंद पडत न्हाई."

तिनं वही उघडून दाखवली. रोज दुपारी दुकानाच्या ओट्यावर यांचा लॅपटॉप घेऊन बसून, एकच फॉर्म दोन्हींवर उघडून, लागलेला वेळ लिहिला होता.

"कोणी शिकवलं, पोरी?"

"त्यात काय शिकवायचं? लाइट तर रोजच जाते."

टावर झोपतंय! दिवसभर तेच आठवून हसू येतंय. मग बसमध्ये शेजारी बसून तिला शाबास का म्हटलं नाही? मला असं बोलणं का जमत नाही? यांनी तर सगळ्या बसला सांगितलं असतं.

संध्याकाळी भावजींना फोन केला. दुकान भाड्यानं द्यायचं नाही, एवढंच मी बोलले. नंतर एकटीच जाऊन शटरच्या कुलपात तेल सोडून आले.