पेटीतल्या वाइनचा दुसरा नंबर

कॅम्पबेलटाउन
रविवार, ६ जुलै

माझी लाडकी ऑर्नेला,

खुशाल आहेस ना? वेळेवर जेवतेस ना? तिकडे रेनमार्कला आमच्या अॅडलेडपेक्षा जास्त थंडी असते असं तुझी आई सांगते, तेव्हा पाय उघडे टाकून हिंडू नकोस. आम्ही इथे बरे आहोत. म्हणजे खातो, भांडतो आणि दुपारी टीव्हीसमोर घोरतो. समोरच्या पास्कुआलेने नवे दात बसवले, आता तो गरज नसताना हसतो.

आजीने फोन सोडून पत्र का लिहिलं असं म्हणशील. तर तुझ्या आजोबाचे कान अजून विशीतले आहेत आणि मला सांगायचंय ते त्याने ऐकायचं नाहीये. मी तिसरीपर्यंतच शिकले, तेही बकऱ्यांच्या मागे धावता धावता, तेव्हा अक्षर गोड मानून घे.

गोष्ट वाइनची आहे. या मार्चात आपल्या गॅरेजमध्ये द्राक्षं आलीच नाहीत. आमचं लग्न झाल्यापासून पहिल्यांदा. माझा म्हातारा सावेरियो म्हणाला, "यंदा द्राक्षांत राम नाही, एक साल विसावा घेऊ." मी म्हटलं बरं. त्याचा हात जरा रुसलाय. वय झालं की होतं असं, तू मनाला लावून घेऊ नकोस.

पण मग जूनमध्ये गेल्या सालची वाइन संपली. शेवटचा बुधला मी तिरका करून पाहिला तर तळाशी नुसता गाळ. आणि तुझा आजोबा तर तुला ठाऊकच आहे. विकतची वाइन त्याच्या नरड्याखाली उतरत नाही. कोणाच्या बारशाला गेला तरी बगलेत आपली बाटली. जेवताना तो एक पेला नसला की नुसता ताटाकडे बघत बसतो, आणि डॉक्टरीणबाई तर म्हणते, याच्या पोटात अन्न गेलंच पाहिजे. मग मी ठरवलं, विकतची आणायची आणि त्याला सांगायचं नाही. गॅरेजच्या पायऱ्या हल्ली तो उतरत नाही, मीच वाइनचा जग भरून आणते. बुधल्यात काय आहे ते मला आणि देवाला ठाऊक.

बाटल्या घ्याव्यात तर आमच्या पेन्शनीत बरी बाटली बसत नाही, आणि बसते ती पिववत नाही. शिवाय आम्ही दोन म्हातारी चिमणीसारखी पिणार, तिसऱ्या दिवशी उरलेल्याचा सिरका. आणि रिकामी बाटली कचऱ्याच्या डब्यात टाकली की वाजते. त्याने विचारलं असतं, "हे काय वाजलं?" म्हणून पुठ्ठ्याच्या पेटीतली वाइन. पेटी वाजत नाही. आत चांदीची पिशवी, तिला तोटी. वाइन कमी होते तशी पिशवी आपली आपण चपटी होते, आत वारा शिरत नाही, महिनाभर वाइन जशीच्या तशी राहते. ज्याने ही युक्ती काढली त्याच्या घरी नक्की म्हातारी माणसं असणार.

दुकानात पेट्या अगदी खालच्या फळीवर असतात. चर्चमध्येसुद्धा आता मी गुडघे टेकत नाही, पण तिथे टेकले. पहिली आणली ती खोकल्याचं औषध. इतकी गोड की जग धुवायला दोनदा साबण लागला. दुसरी म्हणजे पुठ्ठा भिजवून पिळलेला. तिसरीचा वास छान आलुबुखारासारखा, म्हटलं जमलं, पण घोट गिळल्यावर मागे काही नाही. आपल्या गल्लीतल्या ब्रुनोसारखी. दारात मोठा आवाज, आत आला की बोलायला विषय नाही. या तिन्ही मी सॉसात आणि मटणात घालून संपवल्या. फेकलं काही नाही.

चौथ्या पेटीवर पेलिकन पक्षी होता. ओट्याशी उभी राहून कॉफीच्या पेल्यात घेतली. पहिला घोट जरा तुरट, माणूस नवीन घरात शिरताना असतो तसा. मग पावाबरोबर घेतली, मोकळी झाली. रविवारी टोमॅटोच्या सॉसबरोबर घेतली. पोरी, सॉसशी भांडण नाही! आठ दिवस ठेवून पुन्हा चाखली, तरी तशीच. मग घाबरत घाबरत म्हाताऱ्याच्या पेल्यात ओतली. त्याने घोट घेतला, जीभ फिरवली, आणि म्हणाला, "बघ असुंता, गेल्या सालची आता कुठे जमून आली." मी नळ सोडून तोंड बेसिनकडे केलं आणि हसले.

आता खरी गंमत ऐक. पेटीवरची बारीक अक्षरं मला लागत नाहीत, म्हणून तुझ्या आईला म्हटलं, लिडिया, वाच तर, कुठली आहे. तिने वाचलं. पुन्हा वाचलं. मग खुर्ची ओढून बसली. "अगं आई, ही आपल्या ऑर्नेलाची. ही वेगवेगळ्या वाइनची मिसळ तिने केलीय. तिने मला या पेलिकनचा फोटो पाठवला होता."

ऑर्नेला, मी उभ्या उभ्या टाळ्या वाजवल्या. नाव न वाचता, कोणी न सांगता, गुडघे टेकून चार पेट्यांतून मी माझ्या नातीचा हात ओळखला!

गेल्या सालच्या ईस्टरला टेबलावर काय झालं ते मी लिहीत नाही. तुलाही पाठ आहे, मलाही. तू आनंदाने सांगितलंस की पेटीची वाइन करणाऱ्या मोठ्या कारखान्यात नोकरी लागली, आणि तुझा आजोबा म्हणाला, "पेटीत मेलेलं माणूस ठेवतात, वाइन नाही." बघ, लिहिलंच. तू नॅपकिन ठेवून उठलीस ती उठलीसच. त्यानंतर एक ईस्टर आला आणि गेला. तुझी खुर्ची रिकामी दिसू नये म्हणून मी तिच्यावर इस्त्रीचे कपडे ठेवते.

तूर्त तू कोणाला बोलू नकोस. तो रोज तुझी वाइन पितो आणि जेवतो, मला एवढ्यावर झोप लागते. रिकाम्या पिशव्या फुगवून मी मागच्या संत्र्याला बांधल्यात. चमकतात, पोपट जवळ फिरकत नाहीत.

पोटभर जेव.

तुझी, पोटात न मावणारं गुपित घेऊन बसलेली
आजी


कॅम्पबेलटाउन
सोमवार, १८ ऑगस्ट

ऑर्नेला, माझ्या पोरी,

खुशाली नंतर विचारते. आधी बसून घे. वाईट काही नाही, पण बस.

आपल्या इटलीतल्या कलाब्रियावाल्यांच्या क्लबात दर ऑगस्टात घरच्या वाइनची चढाओढ असते ते तुला आठवत असेल. बाटलीवर नाव नाही, फक्त आकडा. नियम एकच, वाइन आपल्या घरात, आपल्या हाताने केलेली हवी. परीक्षक तीन, त्यात आपला पास्कुआले, नव्या दातांसह. मला वाटलं यंदा वाइन केलीच नाही, तर सुटलो. कसलं काय! गुरुवारी म्हातारा म्हणतो, "गेल्या सालची एक बाटली भर. कळू दे त्यांना, मी अजून आहे."

आता सांगावं तर जेवण तुटतं. न सांगावं तर क्लबाला फसवलं. मी बाटली भरली. बूच लावताना तीनदा क्रूसाची खूण केली. क्लबातला एक पोरगा येऊन घेऊन गेला.

शनिवारी छान ऊन पडलं म्हणून सावेरियोला मागच्या अंगणात खुर्ची टाकून दिली. संत्र्याच्या झाडाखाली. माझी अक्कल बघ! मी वाटाणे सोलत होते, तर हाक आली.

"असुंता, हे काय बांधलंयस?"

"पोपटांसाठी."

"ते कळलं. झाडाला लागण्याआधी यांच्या पोटात काय होतं?"

मी म्हटलं, "दूध."

"लाल दूध? तोटीत डाग आहे."

मग मी वाटाणे बाजूला ठेवले. म्हटलं, हो, वाइन. पेटीतली. जूनपासून तू तीच पितोस, आणि गुरुवारी क्लबात गेली तीही तीच. तो लाल झाला. म्हणाला, "चाळीस वर्षं मी त्या माणसांसमोर ताठ मानेने बसलो, आणि तू माझ्या नावाने पुठ्ठ्याची वाइन पाठवलीस?" मी म्हटलं, ओरडायचं तेवढं ओरड, पण आधी कोणाची आहे ते ऐक. तुझ्या नातीची आहे. तिनेच मिसळ केलीय. मला ठाऊक नसताना मी निवडली, तुला ठाऊक नसताना तू वाखाणलीस.

त्याने खाली पडलेलं संत्रं उचललं आणि सोलायला गेला, आणि ते त्याच्या हातून निसटलं. मी उचलून सोलून दिलं.

आता लिहितेच. त्याचा हात रुसलेला नाही, पोरी. फेब्रुवारीत त्याला झटका आला. उजवा हात गेल्यातच जमा, पाय ओढत चालतो, आठ दिवस इस्पितळात होता. द्राक्षांत राम नव्हता हे खोटं. द्राक्षं पिळायचा दाब फिरवायला हात नव्हता. मला आणि तुझ्या आईला त्याने शपथ घातली, "ऑर्नेलाला कळता कामा नये. कळलं तर ती कीव करून येईल. तशी आलेली मला नको." म्हणून मी तुला फोनवर बरे आहोत सांगत होते, मागच्या पत्रातही तेच लिहिलं, आणि लिहून झाल्यावर पेन आपटलं.

रविवारी तो सूट घालून तयार. मी बटणं लावली. विचारलं, "जाऊन सांगणार काय?" म्हणाला, "टाय नीट बांध." एवढंच. लिडिया गाडी चालवत होती, सगळा रस्ता ती आरशातून माझ्याकडे बघत होती, मी तिच्याकडे.

क्लब गच्च भरलेला. पास्ता झाला, डुकराचं मटण झालं. वाटलं, आता बाटली मागे घेतो म्हणेल आणि घरी निघेल, आणि मग तुझं नाव या घरात पुन्हा निघायचं नाही. तेवढ्यात पास्कुआले माइक घेऊन उभा राहिला. तिसरा नंबर वाचला. मग म्हणाला, "दुसरा नंबर, झटका येऊनही न हटलेला आपला सावेरियो!"

टाळ्या! तुझा आजोबा काठीवर उठला. मी त्याला धरायला गेले तर कोपराने ढकललं. एकटा पुढे गेला, पाय ओढत. समोर कप आणि डुकराच्या मांसाची एवढी मोठी सलामी. त्याने हात लावला नाही. माइक डाव्या हातात घेतला.

"ही वाइन मी केलेली नाही."

कोणीतरी मागून ओरडलं, "मग चोरलीस की काय?"

"बायकोने दुकानातून आणली. पैसे देऊन. पेटीतली आहे."

पोरी, एकच हलकल्लोळ. पास्कुआले कपाळावर हात मारून म्हणतो, "पेटीतली? आणि मी दुसरा नंबर दिला? माझी जीभ कापून कुत्र्याला घाला रे!"

सावेरियो म्हणाला, "कुत्र्याला तरी चांगलं खाऊ दे."

अख्खा क्लब हसला. हसू ओसरेपर्यंत तो तसाच उभा राहिला. मग म्हणाला, "नियम नियम आहे. सलामी तिसऱ्या नंबराला द्या, कप ठेवून घ्या. पण नंबर मी परत देणार नाही. तो माझा नाहीच, तर देऊ कसा? तो माझ्या नातीचा आहे. ऑर्नेलाचा. ती रेनमार्कला वाइन करते, इथे बसलेल्या सगळ्यांना मिळून जन्मात जमणार नाही एवढी करते, आणि तुम्हा चोखंदळ जिभांच्या लोकांनी ती आपल्या गॅरेजातली समजून प्यायली. मी पण प्यालो. मी तिला टेबलावर नको ते बोललो होतो. ते सगळ्यांसमोर बोललो होतो, म्हणून हे पण सगळ्यांसमोर."

आणि परत येऊन बसला. घामाने भिजला होता. मी पाव मोडून त्याच्या ताटात ठेवला. त्याने खाल्ला.

तुझी आई बायकांच्या खोलीत जाऊन रडून आली. मी नाही रडले. मला वेळच नव्हता, टेबलाभोवती बायकांची रांग. "असुंता, पेटीवर कुठला पक्षी म्हणालीस?" "कुठल्या दुकानात?" "माझ्या म्हाताऱ्यालाही चालेल का गं?" मी सगळ्यांना सांगितलं, खालच्या फळीवर आहे, गुडघे टेकावे लागतील. सांगताना माझी मान इतकी ताठ होती की आज दुखतेय.

आज सकाळी कॉफी घेताना तो म्हणाला, "लिही तिला."

"काय लिहू?"

"मार्चातली द्राक्षं मी आत्ताच सांगून ठेवतो. कधी काढायची, किती दिवस ठेवायची, सगळं डोक्यात आहे. हात नाही. तिला म्हणावं, हात घेऊन ये."

"आणि माफीचं?"

"ते तोंडाने सांगेन. पत्रात घालायची गोष्ट नाही ती."

"झटक्याचं लिहू?"

त्याने कप खाली ठेवला. "लिही. आता कीव करून आली तरी चालेल. कशीही येऊ दे."

तर मी लिहिलं. मार्चाला अजून बरेच महिने आहेत आणि आमच्या वयात एवढी वाट कोणी बघू नये. येत्या रविवारी दुपारी मी सॉस लावतेय, तुझ्या आवडीचे मटणाचे गोळे घालून. वाइन आणू नकोस. घरात आहे.

आज पाव आणायला गेले तर बेकरीवाली म्हणाली, "अय्या, तुम्ही त्या ऑर्नेलाच्या आजी ना?" साठ वर्षं या गल्लीत मी सावेरियोची बायको होते. म्हणून आज खाली माझं नाव लिहीत नाही. नव्यानेच मिळालंय ते लिहिते.

ऑर्नेलाची आजी