स्टुलावरची काकू

४ मार्च २००३, मंगळवार

दरड कोसळलीय. तीन तास झाले, बस जागच्या जागी! ड्रायव्हर खाली उकिडवा बसून सिगारेटी ओढतोय. आत लोक सूर्यफुलाच्या बिया फोडून टरफलं पायाशी टाकतायत. मागे कुणाची तरी कोंबडी आहे. लिहायला वेळच वेळ आहे, पण जे झालं ते लिहायला हात धजत नाही.

सकाळी चढलो तेव्हाच बस भरलेली. आम्हा दोघींना मिळून एक सीट. कंडक्टरबाईने नेहमीसारखी मधल्या वाटेत प्लास्टिकची स्टुलं मांडली. आई म्हणाली, "तू बस सीटवर. माझा जन्म उकिडवं बसण्यातच गेलाय." आणि बसलीसुद्धा स्टुलावर. मी नको म्हटलं — एकदाच.

आणि खिडकीशी कोण असावं? त्सुईबाई! आमच्या हेडमास्तरांची बायको. लेकीकडे कुनमिंगला निघालेल्या, अंगावर लोकरीचा कोट, मांडीवर संत्र्यांची पिशवी. मी लगेच पाठ ताठ करून बसले.

घाट लागला तशी आईला मळमळायला लागलं. "काकू, पिशवी धर!" असं मी म्हणेपर्यंत उशीर झाला. अर्धं पिशवीत, अर्धं पुढच्या माणसाच्या पाठीवर. तो शिव्या घालत उठला. कंडक्टरबाई ओरडली, "ही म्हातारी कुणाची? कोण आहे हिच्याबरोबर?"

मी त्सुईबाईंच्या संत्र्यांकडे बघत राहिले.

त्सुईबाई नाकाला रुमाल लावून म्हणाल्या, "तुमच्या काकू का?"

"हो," मी म्हटलं. "गावाकडच्या काकू."

आईनं ऐकलं. तोंड पुसत होती, तशीच पुसत राहिली.

त्याच दिवशी, नंतर

अजून दरड तशीच. वहीला नीट समजावून सांगते, म्हणजे मलाच जरा बरं वाटेल.

मी आईला लहानपणापासून काकूच म्हणते. माझी जन्मवेळ ऐकून आंधळ्या ज्योतिष्यानं सांगितलं होतं — ही पोरगी हिला आई म्हणाली तर आई जगायची नाही. आजी तर मला कुणाला तरी देऊन टाकायला निघाली होती. आईनं हट्ट धरला, "काकू म्हणू दे, पण घरात राहू दे." आमच्या खोऱ्यात अशी मुलं काही कमी नाहीत. शेजारचा लिऊ आता आजोबा झालाय, पण बापाला अजून काका म्हणतो.

म्हणजे मी खोटं बोलले नाही. रोजचाच शब्द वापरला! पण त्सुईबाई शहरातल्या, त्यांना आमच्याकडची ही रीत कुठून माहीत असणार? आणि त्यांना माहीत नाही हे मला पक्कं माहीत होतं.

५ मार्च, बुधवार

बसमध्येच मुक्काम झाला. पाय सुजलेत, मान धरलीय. सकाळी रस्ता मोकळा झाला.

आई आज भलतीच बोलकी! एरवी परक्यांसमोर तोंड उघडत नाही. आज त्सुईबाईंना आपणहून सांगतेय, "आमच्या घरात ही एकटीच शिकलेली. मला मोतीबिंदू झालाय ना, तर मोठ्या दवाखान्यात नेतेय. रजा काढून! काकूसाठी कोण करतं हो एवढं?"

"अहो, सख्ख्या आईसाठी करत नाहीत हल्ली!" त्सुईबाई म्हणाल्या. "मी ह्यांना सांगणारच आहे. शाळेतल्या सगळ्यांना कळू दे." आणि मला एक संत्रं दिलं. आई हसून मान डोलावत होती. मी संत्रं सोललं आणि खाल्लं. सगळं.

दुपारी ड्रायव्हर ओरडला, "पुढे चौकी आहे! स्टूलवाले, खाली!" जादा माणसं दिसली तर दंड होतो, सगळ्यांना सवयच आहे. वाटेतली माणसं भराभर स्टुलं बाजूला सारून खाली दडली. आई टरफलांत बसली, डोकं माझ्या गुडघ्यांशी. तोल जाऊ नये म्हणून तिनं माझा बूट घट्ट धरला. पोलीस दारातून डोकावला, सीटवरची डोकी मोजली आणि गेला.

खालून हळूच आवाज आला, "बूट मऊ आहेत गं. नवीन घेतलेस?"

मला तिथल्या तिथे मरावंसं वाटलं. पण "हिला वर बसू द्या" असं म्हणाले का? नाही. चौकी गेल्यावर आईनं स्वतःच स्टूल ओढलं आणि बसली.

६ मार्च, गुरुवार

पोचलो काल. अड्ड्यावर त्सुईबाईंना न्यायला जावई आला होता. निघताना आई त्यांचा हात धरून म्हणाली, "आमच्या पुतणीवर लक्ष असू द्या हो."

थू माझ्यावर.

७ मार्च, शुक्रवार

उद्या ऑपरेशन. नर्सनं फॉर्म पुढे केला. "रुग्णाशी नातं?"

मी तोंड उघडायच्या आत आई खाटेवरून बोलली, "पुतणी आहे."

"मुलंबाळं नाहीत, आजी?"

"नाहीत."

नर्सनं लिहिलं, मी सही केली. बस नव्हती, त्सुईबाई नव्हत्या. ओळखीचं काळं कुत्रं नव्हतं त्या खोलीत! मग मला कुणाची लाज वाटली?

८ मार्च, शनिवार

ऑपरेशन चांगलं झालं. डोळ्याला पट्टी आहे. भाताची पेज भरवली.

९ मार्च, रविवार

मंगळवारचं पान पुन्हा वाचलं. वहीलाही अर्धंच सांगितलंय मी.

ज्योतिष्यानं मुदत घातली होती. बारा वर्षं. माझ्या बाराव्या वाढदिवशी आईनं दोन अंडी उकडून लाल रंगवली, माझ्यासमोर बसली आणि म्हणाली, "संपली गं मुदत. आता म्हण."

त्याच महिन्यात मी तालुक्याच्या बोर्डिंगात जाणार होते. तिथलं खरकटं डुकरांसाठी आणायला आई आधीपासूनच खांद्यावर कावड घेऊन जायची, आणि तिला बघून तिथल्या मुली नाकं दाबायच्या, हे मी पाहिलं होतं. मी अंडं सोलत म्हटलं, "राहू दे, काकू. सवय झालीय."